उघड्या डब्यातलं ब्रेक ऑइल

आमची पोस्टिंग डोंगरात होती. प्लाटूनकडे चार पिकअप. एक नंबर नाईक सुधाकर रामटेकेची, दोन नंबर माझी. मी नाईक वानखेडे. दोघंही नागपूरचे, एकाच भरतीतले, बराकीत खाटेला खाट लावून झोपणारे. लोकांना वाटायचं, जिवाभावाचे दोस्त. असूही. पण खरं सांगतो, तो मला डोळ्यांसमोर नको व्हायचा.

दर महिन्याला गाड्यांचं इन्स्पेक्शन व्हायचं. जिची तब्येत सगळ्यात चांगली, तिच्या बॉनेटवर लाल झेंडी. सात महिने ती रामटेकेच्या गाडीवर होती. मी पाचला उठून गाडी धुवायचो, हा पठ्ठ्या साडेपाचला उठायचा, तरी झेंडी त्याचीच. कॅप्टन साहेब निघाले की म्हणायचे, "रामटेकेची गाडी काढा." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आठव्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला, ब्रेक ऑइल बदलायला घेतलं. हे एकट्याचं काम नाही. एक जण आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी पान्याने निप्पल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, उघडतो. तिला लावलेल्या नळीतून जुनं तेल आणि हवेचे बुडबुडे बाहेर येतात. निप्पल पुन्हा आवळेपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात.

रामटेकेची एक खोड होती. डबा उघडला की झाकणावर खिळ्याने महिना कोरायचा. त्या दिवशी पावसाळ्याआधीचा एक अर्धा डबा त्याने सरळ भंगाराच्या पेटीत टाकला.

"काहून फेकतं बे?" मी विचारलं.

"उघडं तेल हवेतलं पाणी पिते. घाटात तापलं का त्याची वाफ होते, अन् पेडल सरळ खाली." त्याने नवा डबा पुढे केला. "तुझ्यासाठी उरवलं हाये. घे."

"ठेव तुझ्यापाशी."

तो स्टोअरकडे गेला. मी पेटीतून तो जुना डबा काढला, एका जवानाला पेडलवर बसवलं आणि तेच तेल माझ्या गाडीत भरलं. मोठा आला मास्तर, म्हटलं.

सकाळी साडेआठला इन्स्पेक्शन झालं. झेंडी मला मिळाली. माझ्या बॉनेटवर ती रामटेकेनेच बांधली, गाठ दोनदा आवळून. "आता सोडू नको हे," म्हणाला आणि हसला. हरूनही कसा हसतो, याचाही मला राग आला.

रेशन वर पोचवून अकराला उतरायला लागलो. पुढच्या गाडीत तो एकटा, त्याच्या मागे रिकामे जेरीकॅन. माझ्या गाडीत मागे पाच जवान. अकरा चाळीसला माझं पेडल मऊ पडलं. दुसऱ्यांदा दाबलं तर तळाला टेकलं. मी वायरलेस उचलला.

"दोन नंबरहून एक नंबर. ब्रेक गेले."

"गिअर?"

"तिसरा."

"दुसरा टाक. मी हळू होतो. माझ्या मागच्या बंपरला लाग. स्टिअरिंग सरळ ठेव."

"तू खाली जाशील."

"सरळ ठेव. ओव्हर."

मी लागलो. त्याने दोन्ही गाड्यांचा भार आपल्या ब्रेकवर घेतला. वळणावर माझी गाडी थांबली. त्याचं पुढचं चाक कडेच्या मातीवर होतं. माती सुटली आणि गाडी त्याच्यासकट दरीत गेली.

संध्याकाळी ते पाचही जवान त्याचंच नाव घेत होते. तेव्हासुद्धा मला त्याचा हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण वाटला.

चौकशीत विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललं? मी सांगितलं, आदल्या दिवशी. ते खरंच होतं. कुठल्या डब्यातलं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता मी पेन्शनर. रामटेकेची बायको, सुनीता वहिनी, हुडकेश्वरला रोपवाटिका चालवतात. कुंड्या धरमपेठ, रामदासपेठला स्वतः पिकअपने पोचवतात. दर दोन वर्षांनी त्यांच्या गाडीचं ब्रेक ऑइल मी बदलतो. त्या पेडलवर, मी चाकाशी.

यंदा शेवटचं चाक राहिलं होतं. मी निप्पल उघडलं, तशा त्या आतून म्हणाल्या, "भाऊजी, डब्यात अर्धं उरलं हाये. ठेवून देऊ?"

"नाही. उघडं तेल खराब होते. सुधाकर फेकून द्यायचा."

"एवढं समजत होतं त्यायले, मंग त्या दिवशी ब्रेक गेले कसे?"

"माझे गेले, वहिनी."

"तेच तं. तुमच्या गाडीतबी त्यायनंच नवं टाकलं असन ना?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला भीत होतो. पाना हातात होता. नळीतून तेल गळत होतं.

"त्यानं नवं देल्लं होतं. मी नाही घेतलं. त्यानं फेकलेला डबा मी पेटीतून काढला अन् तेच भरलं."

"काहून?"

"जळत होतो त्याच्यावर."

मला वाटलं, आता त्या उतरतील आणि मला फाटकाबाहेर काढतील. काढलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. मी नळीकडे पाहत राहिलो. हवा परत आत गेली नाही. त्यांचा पाय पेडलवरच होता.

"निप्पल आवळा, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "पाय दुखून राहिला माह्या."

मी निप्पल आवळलं. त्या उतरल्या, उरलेला डबा उचलून भंगारात टाकला आणि माझ्याकडे न बघता घरात गेल्या. चहा आला नाही. पुढच्या खेपेला बोलावतील की नाही, मला माहीत नाही.

नाईक सुधाकर रामटेके. त्याच्या हयातीत मी त्याला एकदाही म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो. झेंडी त्याचीच होती.