शुभांगी, बाहेर या

आमच्या माहेरी कोणी साधी दृष्टसुद्धा काढत नसे. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा ठेवायला जायचे. आजही माझा विश्वास बसलाय असं नाही... पण हे घडलंय, आणि माझ्याच बाबतीत घडलंय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. विरार वेस्टला, बोळिंजमध्ये आम्ही नवीन फ्लॅट घेतला होता. आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी एक शुभांगी राहायची. मी तळमजल्यावर, ती तिसऱ्यावर. सगळे आम्हाला ‘खालची’ आणि ‘वरची’ म्हणायचे. वरची ब्लाउज शिवायची. हात इतका सफाईदार की पार निर्मळ गावाहून बायका तिच्याकडे कापड घेऊन यायच्या.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाने वाण लुटण्याऐवजी सगळ्यांना सिनेमा दाखवायचं ठरवलं. विरारमधलं जुनं थिएटर (आता तिथे टॉवर आहे), दुपारचा शो. दोन रांगा आमच्याच! काठपदराच्या साड्या, तिळगुळाच्या पुड्या... हीरोच्या एंट्रीला शिट्टीसुद्धा आमच्याच रांगेतून गेली. मी आणि वरची शेजारीशेजारी.

इंटरव्हल झाल्यावर थोड्या वेळाने पडद्याच्या खालच्या बाजूला स्लाइड आली. तेव्हा थिएटरमध्ये असाच निरोप द्यायचे – कोणाच्या घरून बोलावणं आलं की काचेवर नाव लिहून पडद्यावर दाखवायचे. पण त्यात आडनाव असायचं, गाव असायचं. इथे फक्त – ‘शुभांगी, बाहेर या.’

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

“तुझं की माझं?” मी विचारलं.

“तुझंच असेल. पिंट्याला ताप आहे ना? जा तू,” ती म्हणाली. “आणि तुझ्या जागेवर मी बसते गं, या पुढच्या बाईच्या अंबाड्यामुळे मला हिरॉइन अर्धीच दिसतेय.”

पिंट्या म्हणजे माझा मुलगा. त्याला सासूबाईंजवळ ठेवून आले होते, त्यामुळे मी धावतच सुटले. बाहेर बघते तर कोणीच नाही. दारावर तिकिटं फाडणारे काका बसले होते, त्यांना विचारलं.

“कोन नाय आला, बाय. आनि सलाइड कसली? ती मशीन गनपतीपासून बंद हाय.”

“अहो काका, आत्ता दिसली मला–”

आणि आतून तो आवाज आला. मग किंचाळ्या.

छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा पंख्यासकट माझ्या खुर्चीवर कोसळला होता.

वरची वाचली. पण उजवा खांदा गेला. हात वर होईना, बोटांत सुई टिकेना. शेवटी तिने शिलाई मशीन विकून टाकलं.

घरी पिंट्याचा ताप उतरला होता, गाढ झोपला होता. घरून कोणी निरोप पाठवलाच नव्हता.

पुढे मी मंडळातल्या एकेकीला विचारलं. स्लाइड कोणालाच दिसली नव्हती. “गाणं चालू होतं गं, तू मधेच उठून गेलीस,” एवढंच सगळ्या सांगायच्या. देवानेच वाचवलं म्हणायच्या. सासूबाईंनी पेढे वाटले... आणि तिसऱ्या मजल्यावर पेढे न्यायला मात्र कोणीच तयार होईना.

मी रोज वर जायचे. तिची पोळीभाजी करायची, वेणी घालायची. पण विचारायची हिंमत होत नव्हती. वाटायचं, ती नुसती माझ्या हो ला हो म्हणाली असेल. एका सकाळी वेणी घालताना तोंडातून निघूनच गेलं, “तुला खरंच दिसली होती का गं ती स्लाइड?”

“दिसली की. चांगली मोठ्या अक्षरात.” मग म्हणाली, “सोड ना आता. मीच म्हटलं ना तुला, जा म्हणून.”

माझ्या हातातली वेणी तशीच राहिली.

अख्ख्या थिएटरमध्ये ती स्लाइड दोघींनाच दिसली. म्हणजे बोलावणं दोघींना होतं. “चल, दोघी जाऊन बघू” – एवढंच म्हणायचं होतं मला. ती लगेच उठली असती, तशीच होती ती.

कोणी दाखवली, कशी दाखवली, मला आजही कळलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा. फक्त ‘तुमची वेळ आली नव्हती’ असं म्हणू नका... ते ऐकलं की मला तिची आठवण येते, डाव्या हाताने दाराची कडी काढणारी.