टिपणिसांची घोडी

श्यामकांत टिपणीस यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू बघितल्याबरोबर घेतली नाही. बायको तेवढी एका भेटीत पसंत झाली, आणि तीही त्यांच्या वडिलांना. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागात साहेब होते. साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणचे नमुने मागवायचे, नमुन्यांवर शेरे मारायचे, आणि तोवर जुन्या झाडूवरच काम भागायचं. रिटायर झाल्यावर खरवईला नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तोही उमाबाई खनपटीलाच बसल्या म्हणून. असा हा गृहस्थ दसऱ्यापासून शिडी निवडत होता, आणि दिवाळी तोंडावर आली तरी शिडी काही घरात येत नव्हती.

झालं होतं असं, की नवरात्राच्या साफसफाईत उमाबाई पंखा पुसायला पलंगावर प्लास्टिकचं स्टूल ठेवून चढल्या. पलंगावर स्टूल आणि स्टुलावर बायको, हा प्रकार टिपणिसांच्या घरी लग्नापासून चालू होता. ट्यूब बदलायची, माळ्यावरचे डबे काढायचे, पडदे अडकवायचे, सगळं उमाबाईंनी करायचं आणि श्यामकांतांनी खालून सूचना द्यायच्या. त्या दिवशी स्टूल कलंडलं, उमाबाई आपटल्या आणि उजवं मनगट दुखावलं. डॉक्टरकडे पट्टा बांधून घेता घेताच त्यांनी जाहीर केलं, "या वर्षी आकाशकंदील तुम्ही लावायचा. गॅलरीत, वरच्या हुकाला."

यात अडचण एकच होती आणि ती श्यामकांतांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यांना उंचीची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही, पाटावर उभं राहायचं तरी ते भिंत धरत. गॅलरीत ते टॉवेल वाळत घालायलाही जात नसत, ऊन बाधतं म्हणायचे. हे बायकोला कळलं असतं तर इतक्या वर्षांचा रुबाब मातीत गेला असता. तेव्हा त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं. शिडीशिवाय चढायचं कसं, आणि नीट निवडल्याशिवाय शिडी घ्यायची कशी?

मग काय विचारता. बांबूची शिडी गवंड्याची, सोसायटीत शोभत नाही. लाकडी जड. लोखंडी गंजते, शिवाय लाद्यांवर ओरखडे काढते. अ‍ॅल्युमिनियमची हलकी, म्हणजे डगमगणारच. दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी एक मोबाइलवर दिसली, पण ती बोटं चिमटते असं कुणीतरी लिहिलं होतं. पायऱ्या रुंद हव्यात, वर उभं राहायला फळी हवी, फळीपुढे धरायला दांडी हवी, पायांना रबर हवं. बदलापूर स्टेशनजवळचा हार्डवेअरवाला तर त्यांना लांबून बघूनच मागच्या खोलीत जाऊन बसायला लागला. श्यामकांत मात्र खुशीत होते. जोवर निवड चालू आहे तोवर आपले पाय जमिनीवर आहेत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण उमाबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. "रविवारपर्यंत कंदील लागला नाही तर मी स्टूल घेते आणि चढते," त्यांनी सांगून टाकलं. "दुसरं मनगट मोडलं तर मोडलं." त्या खरंच चढतील याबद्दल श्यामकांतांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांचं धाबं दणाणलं.

सोसायटीत रंगकाम करणारा सदू जिन्यात भेटला, त्याच्याजवळ त्यांनी विषय काढला. सदू म्हणाला, "काका, शिडी मागाल तर भिंतीला टेकवायची देतील. आपल्या पायावर उभी राहते ना, तिला आम्ही घोडी म्हणतो. घोडी मागा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक सिंधी मंडपवाला सेठ आहे, त्याच्याकडे एकदम दणकट असतात. भाड्याने पण देतो." आधी वापरून बघायची आणि मग घ्यायची, हे श्यामकांतांना फारच पटलं. आता मंडपवाला म्हणजे लग्नाला लागेल ते सगळंच पुरवणारा, हे सदूने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी फोन लावला.

"घोडी हवी होती. रविवारी सकाळी, खरवईला."

"मिलेगी साईं. सफेद चलेगी?"

"पांढरीच बरी. पाय मजबूत आहेत ना? घसरणार नाही?"

"अरे साईं, डामर हो, सीमेंट हो, आज तक नहीं फिसली."

"वजन किती घेते?"

"सौ किलो वाले आराम से चढ़े हैं. ऊपर मखमल की गद्दी है."

घोडीवर गद्दी असते हे श्यामकांतांनी कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं. सेठबद्दल त्यांना एकदम आदर वाटायला लागला.

"पकड़ने को आदमी साथ में आएगा," सेठ म्हणाला. "बाजा भी भेजूँ?"

"छे, छे. अजिबात आवाज नको."

"समझ गया. सिंपल में करना है."

रविवारी सकाळी खालून वॉचमनचा फोन आला. "साहेब, तुमची घोडी आलीय."

"वर पाठव."

"लिफ्टमध्ये नाही मावणार."

"मग जिन्याने आण. आडवी धर म्हणजे वळणावर अडकणार नाही."

"साहेब," वॉचमन म्हणाला, "तुम्हीच खाली या."

उमाबाई कंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवत होत्या, त्या कंदिलासकटच मागोमाग उतरल्या. गेटजवळ जरीची झूल घातलेली, कपाळावर तुरा लावलेली एक पांढरीशुभ्र घोडी सोसायटीचं मेंदीचं कुंपण खात उभी होती. निम्मी सोसायटी खाली जमली होती आणि उरलेली गॅलऱ्यांतून लोंबत होती. सेक्रेटरी पद्मजा म्हणाल्या, "काका, आधी कळवायचं तरी, आम्ही फेटे बांधले असते." घोडीवाल्याने दूल्हा कुठे आहे म्हणून विचारलं. वॉचमनने श्यामकांतांकडे बोट दाखवलं. घोडीवाल्याने त्यांना टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि तो म्हणाला, "कोई बात नहीं."

बसा काका, बसा काका, असा एकच गिल्ला झाला. घोडी जवळ आणली गेली. ती मखमलीची गद्दी श्यामकांतांच्या नाकासमोर आली, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. आधी ते गुडघा म्हणाले. मग बीपी म्हणाले. मग काहीच सुचेना तेव्हा म्हणाले, "आमच्या घराण्यात घोड्यावर बसत नाहीत."

"हेच आपल्या वरातीच्या वेळी म्हणाला होतात," उमाबाई म्हणाल्या. "पुढच्याच वर्षी तुमचा धाकटा भाऊ घोड्यावरून आला." मग जवळ येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "उंचीला घाबरता, हे मला तेव्हाच कळलं होतं."

श्यामकांतांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? चढायला मी होते की. मला खाली धरायला माणूस हवा होता, आणि धरायचात तुम्ही. डोकं खायचात, पण दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरायचात. त्या दिवशी मी पडले तेव्हा कुठे होतात? भीती वाटते, तेवढं एक खरं बोलाल म्हणून तुम्हाला कंदील लावायला सांगितला, तर तुम्ही घोडी घेऊन आलात."

त्या दिवशी ते हॉलमध्ये होते. मोबाइलवर मिक्सर निवडत होते. "अहो, धरा जरा" ही हाक त्यांना चांगली ऐकू आली होती आणि ते सोफ्यावरूनच "आलो, आलो" म्हणाले होते. त्या "आलो, आलो"ची त्यांना आता इतकी लाज वाटली की सगळी सोसायटी बघते आहे हेही ते विसरले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चढणं मला जमणार नाही. धरतो."

उमाबाईंनी कंदील पद्मजांकडे दिला आणि वॉचमनची खुर्ची घोडीला लावायला सांगितली. श्यामकांतांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली. घोडीवाला "अरे मावशी, अरे मावशी" करेपर्यंत उमाबाई पदर खोचून गद्दीवर बसल्यासुद्धा. मग घोडी गेटच्या कमानीखाली आणली. गणपतीत तोरण लावायला तिथे एक हुक होताच. पद्मजांनी कंदील वर दिला आणि उमाबाई डाव्या हाताने त्याची दोरी हुकात अडकवू लागल्या.

श्यामकांतांनी एका हाताने गद्दीचा पट्टा आणि दुसऱ्या हाताने बायकोचं पाऊल आवळून धरलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. घोडीने मध्येच त्यांच्या चपलेवर खूर ठेवला. ते कळवळले, पण हात सोडला नाही.

"सरळ आहे का?" वरून उमाबाईंनी विचारलं.

"सरळ आहे."

"डोळे उघडून सांगा."

श्यामकांतांनी डोळे उघडून वर बघितलं. कंदील चांगलाच डावीकडे कलला होता.

"वाकडा आहे," ते म्हणाले, "पण राहू दे. तू आधी खाली ये, मी धरलंय."