आजीचा दात आणि नातीची दाढ

माझ्या घरात चार कात्र्या आहेत आणि त्यातली एकही, हवी तेव्हा, मला आजवर सापडलेली नाही. (घरातलंच कुणीतरी पळवतं, असं माझं ठाम मत!) त्यामुळे पंचवटीत साड्यांना फॉल-पिको करायला लागल्यापासून, म्हणजे गेली पंचवीस वर्षं, मी दोरा दातानंच तोडते.

शेवटी वैतागून ह्यांनी पाचवी कात्री आणली आणि नाड्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. "दुसरं मंगळसूत्र समज," म्हणाले, "पण दात वाचव!"

परवा माझ्या नातीच्या, ओवीच्या शाळेत दातांच्या काळजीवर वेशभूषेची स्पर्धा होती. पहिलीतली ओवी त्यात दाढ होणार होती. आठ दिवस पोर आरशासमोर भाषण घोकत होती. फोमची दाढ अर्थातच मी शिवली. त्या दिवशी मी जरीकाठाची साडी नेसले. आता जरीकाठावर गळ्यात कात्री बरी दिसते का? काढून ठेवली!

ओवीचं नाव पुकारायला पाच मिनिटं असताना पोशाखाचा खांद्यावरचा पट्टा उसवला.

"आजी, माझी दाढ घसरतेय!" ती रडकुंडीला आली.

"मी आहे ना! ये इकडे."

पर्समध्ये सुई होती, जाड नायलॉनचा दोरा होता. चार टाके घातले, गाठ मारली आणि सवयीनं दोरा दातात धरून हिसका दिला. कट्! दोरा शाबूत होता. माझ्या पुढच्या दाताचा तुकडा मात्र तळहातावर होता.

तोंडाला पदर लावून मी पहिल्या रांगेत ह्यांच्या शेजारी येऊन बसले.

"तोंड का झाकलंस?"

"धूळ आहे."

"एसी हॉलमध्ये?"

तेवढ्यात ओवी स्टेजवर आली आणि एवढी माणसं बघून गप्पच झाली. बाई पडद्याआडून कुजबुजल्या, "नमस्कार, मी दाढ..." ओवी ढिम्म! तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. डोळे मला शोधत होते आणि मी पदराआड. पोरीची आठ दिवसांची मेहनत वाया चाललीय आणि मी इथे स्वतःची अब्रू झाकत बसलेय! पदर काढला आणि तोंडभर हसले.

"आजी! तुझा पण पडला?" ओवी माइकवरच ओरडली. (तिचाही पुढचा दात नुकताच पडलाय.) खुदकन हसली आणि घोकलेलं सोडून मनचंच बोलायला लागली, "ही माझी आजी. दातानं दोरा तोडते. असं करायचं नाही!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हे हसले.

"हे आजोबा. दातानं बाटलीचं झाकण उघडतात."

ह्यांनी हातातली पाण्याची बाटली हळूच खुर्चीखाली सरकवली.

"आणि बाबा नखं खातात."

माझ्या मुलानं तोंडातला हात घाईघाईनं खिशात घातला.

पहिलं बक्षीस ओवीला मिळालं. घरी आल्यावर तिनं फर्मान काढलं, "तुझा दात पण माझ्यासारखा तुळशीत पुरायचा. मग नवा येतो."

"म्हाताऱ्यांना नाही गं येत."

"नाही आला तर मी माझा देईन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोघींनी कुंडीतली माती उकरायला घेतली. वीतभर खाली काहीतरी टणक लागलं. ओढून काढलं तर कात्री! गेल्या वर्षी माती भुसभुशीत करायला मीच नेलेली आणि तिथेच खुपसून विसरलेली.

ओवी थक्क होऊन म्हणाली, "आजी, नवी यावी म्हणून तू ही पण पुरली होतीस?"