बसला गर्दी नसते, हे मान्य

पेपरचे पैसे द्यायला बाबांची हरकत नसे, कारण महिनाअखेर पेपरची रद्दी होते आणि रद्दीवाला त्यातलं थोडंफार परत देतो. पाहून झालेल्या सिनेमाची रद्दी कोण घेणार, असं ते केबलवाल्याला तोंडावर विचारत. त्याची वायर आमच्याच गच्चीवरून जाई, म्हणून त्याने आम्हाला फुकट कनेक्शन देऊ केलं होतं. बाबांनी वायर जाऊ दिली आणि कनेक्शन नाकारलं. फुकटचं घेतलं की मग टीका करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं तरी जेल रोडवरच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला आमच्या गच्चीवरून चॅनेल पोचत होते आणि आम्ही खाली बसून दूरदर्शनवर सोयाबीनवरची कीड बघत होतो.

बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांना सगळ्या विषयांवर मतं होती. लासलगावला आत्या राहायची, एवढ्या भांडवलावर ते कांद्याच्या भावावर तासभर बोलत. मत मांडायची त्यांची एक रीत होती. आधी समोरच्याचं जे खरं असेल ते मोकळेपणाने मान्य करायचं आणि मग आपला मुद्दा काढायचा. शाळेत असताना वक्तृत्वाच्या मास्तरांनी हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. जेवताना त्यांच्या तोंडून ‘मान्य आहे’ ऐकलं की मी मुकाट्याने आणखी एक पोळी घ्यायची, कारण खरं मत अजून बरंच लांब असायचं.

आईला मतं नव्हती. निदान आम्ही कधी विचारली नव्हती. देवळाली कॅम्पात बाजारामागच्या एका खोलीत ती शिवणाचा क्लास घ्यायची. जवानांच्या बायका यायच्या, कुणी पंजाबची, कुणी केरळची. आईच्या हिंदीला त्या हसायच्या आणि ती त्यांच्या शिवणातल्या वाकड्या टिपेला हसायची. तिथून परत आलेली आई वेगळीच दिसायची, खांदे सरळ, आवाज मोठा. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय अधू होता, पण दुपारची शहर बस कॉलनीच्या आत वळायची, त्यामुळे तिला मोठ्या रस्त्यापर्यंत चालावं लागत नसे. मग ती बस बंद होणार असं कानावर आलं. बस गेली की क्लास गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

त्या सुमारास केबलवाल्याने संध्याकाळच्या स्थानिक बातम्या सुरू केल्या होत्या. कॅमेरा त्याच्या मेहुण्याचा, जो एरवी लग्नाच्या कॅसेट काढायचा. बसबद्दल लोकांची मतं घ्यायला तो आमच्या स्टॉपवर आला आणि बाबा तिथे इस्त्रीचा शर्ट घालून आधीच उभे होते. आयुष्यभर त्यांना कुणीतरी मत विचारायची वाट बघावी लागली होती.

“काका, इकडं बघा, थोडं हसा,” मेहुणा सवयीने म्हणाला.

बाबा हसले नाहीत. ते भरपूर बोलले. बस, रस्ते, पेट्रोलचे भाव, पडलेली सरकारं, आणि जाता जाता केबलचे वाढलेले दरही. शेवटी, अधू माणसाला ही बस म्हणजे दुसरा पाय आहे, असं काहीतरी त्यांनी म्हटलं. मी कॉलेजातून येत होते, ते वाक्य मी स्वतः ऐकलं. मला एकदम भरून आलं होतं.

संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. निम्मी कॉलनी जमली होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा झाल्या, साड्यांच्या सेलची जाहिरात झाली आणि बाबा आले. पडद्यावरचे बाबा म्हणाले, “दुपारच्या बसला गर्दी नसते, बसायला आरामात जागा मिळते, हे आधी मान्य केलं पाहिजे.” त्यानंतर लगेच एका पतसंस्थेचं उद्घाटन सुरू झालं.

बाबा उद्घाटन संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसले. आपला मुद्दा अजून यायचाय, असं त्यांना वाटत असावं. केबलवाल्याकडे दाखवायला फारसं काही नसल्यामुळे ते वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळीही लागलं आणि संध्याकाळीही. मला त्या माणसाची वायर गच्चीवरून ओढून काढावीशी वाटत होती.

पुढच्याच आठवड्यात बस बंद झाली. बाबा डेपोत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, “गर्दी नसते म्हणून तुम्हीच टीव्हीवर सांगितलं ना काका?” बाबा म्हणाले, “मान्य आहे,” आणि पहिल्यांदाच त्यापुढे काही बोलले नाहीत. त्याचंच साहेबांना वाईट वाटलं असेल. महिनाभर पुन्हा सोडून बघतो, गाडी रिकामी गेली तर मात्र कायमची बंद, असं ते म्हणाले.

बस परत सुरू झाली त्या दुपारी बाबा आईच्या आधी स्टॉपवर हजर. देवळालीची हवा चांगली असते, डॉक्टर सांगतात, असं त्यांनी तिला ऐकवलं. कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं हे तिने विचारलं नाही. आई पुढच्या सीटवर, बाबा मागे. ती क्लासला गेली की ते बाजारात चहा घेत बसत आणि त्याच बसने परत येत. हळूहळू कॉलनीतले आणखी तीनचार रिटायर लोक त्यांनी हवेसाठी तयार केले. मागच्या सीटवर कांद्यापासून दिल्लीपर्यंत सगळं निघायचं आणि कंडक्टर वैतागायचा. एवढे पैसे रोज तिकिटावर घालवता, त्यात केबल आली असती, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. बाबांनी तेही मान्य केलं.

महिना संपत आला आणि बाबा तापाने पडले. थंडीताप, अंगावर दोन गोधड्या. बाकीची मंडळी एका लग्नाला सिन्नरला गेलेली. बाबा पडल्या पडल्या मला म्हणत होते, “तू तरी जा गं, गाडी रिकामी जायला नको.” आई पलीकडे पिशवी भरत होती. तिने ऐकलं.

मी तिच्याबरोबर गेले. बसमध्ये खरोखरच आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं. कंडक्टर आला तशी आईने पैसे पुढे केले.

“तीन द्या. कॅम्प.”

त्याने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. “तिसरं कुणाचं?”

“ह्यांचं,” आई म्हणाली. “ताप आलाय त्यांना. घरी झोपलेत.”

 कंडक्टरने तिन्ही तिकिटं पंच करून तिच्या हातात दिली.