तोंडलीच्या वेलीतलं शिकागो

मुलीच्या वडिलांनी पत्रिका मागितली नाही, पगार विचारला नाही, गोत्रसुद्धा विचारलं नाही. चहाचा कप बशीत ठेवून त्यांनी मला एकच प्रश्न केला, "तुमचा संघ कोणता?"

तुम्हाला वाटेल, यात अवघड काय? पण आम्ही त्या खोलीपर्यंत कसे पोचलो ते आधी सांगायला हवं, म्हणजे माझा मूर्खपणा नीट क्रमवार कळेल.

मी तेव्हा दिल्लीत एका मंत्रालयात असिस्टंट होतो आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईवडिलांबरोबर राहत होतो. ती फरीदाबादची. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात ती प्रॉम्प्टर होती आणि मी हवालदार. माझी वाक्यं एकूण चार. त्यातली तीन मी तिच्याकडून ऐकून म्हटली. चौथ्याच्या वेळी मी विंगेत तिच्याकडे बघतच राहिलो, तेव्हा ते तिनंच पडद्याआडून मोठ्यानं म्हणून टाकलं. हवालदाराचा आवाज अचानक बायकी झाल्यानं नाटक पडलं, पण आमचं जमलं.

अडचण तिच्या वडिलांची होती. ते एका कारखान्यात इंजिनिअर. कंपनीनं त्यांना पूर्वी तीन वर्षं शिकागोला पाठवलं होतं. माणसं अमेरिकेहून मिक्सर आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. यांनी एक लाकडी बॅट, एक चामड्याचा हातमोजा आणि बेसबॉल नावाचा एक बरा न होणारा आजार आणला. क्रिकेटला ते "पांढऱ्या कपड्यांतली रजा" म्हणायचे. आपण विश्वचषक जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारी पेढे घेऊन आले, तर यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कशाबद्दल?"

"बाबांना बाकी काही लागत नाही," ती मला बदरपूरच्या बसस्टॉपवर म्हणाली. "बेसबॉलवर दोन शब्द बोललास की झालं. काय बोलायचं ते मी सांगते तुला."

"तू सांगू नकोस. नाटकात सांगितलंस तेवढं पुरे. मी अभ्यास करून येतो."

"अरे यार, पण एक गोष्ट ऐकून तर घे!"

"बिल्कुल नाही."

ती एक गोष्ट मी ऐकली असती तर तुम्हाला आज वाचायला काही नसतं.

महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत अमेरिकन ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथे एअरकंडिशनर होता, त्यामुळे दिल्लीतले निम्मे विद्वान तिथेच सापडायचे. मी अमेरिकेच्या खेळांचा इतिहास खात्याच्या परीक्षेसारखा वाचला. वहीला समास आखला, मुद्दे काढले, पाठ केले. एक फुटबॉलचा सामना म्हणे इतक्या थंडीत झाला की पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या. मला जानेवारीतलं आमचं न्हाणीघर आठवलं. ब्रुकलिनचा एक लाडका बेसबॉल संघ एके वर्षी सरळ उठून कॅलिफोर्नियाला निघून गेला आणि मागे राहिलेले लोक कित्येक वर्षं रडत बसले. हे मला विशेष समजलं नाही. आमच्या कॉलनीत दर जूनमध्ये बदल्या व्हायच्या, आणि जाणाऱ्याच्या नावानं रडण्याआधी त्याच्या क्वार्टरसाठी अर्ज करायची पद्धत होती. अमेरिकेतलीच शहरं आपसात खेळतात आणि जिंकणाऱ्याला जगज्जेता म्हणतात, हेही वाचलं. त्यात मात्र काही वावगं वाटलं नाही. आमच्या खात्यातही अखिल भारतीय कॅरम स्पर्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यात व्हायची.

शेवटी संघ निवडायची वेळ आली. मी सरकारी माणूस. यादीत ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याच्यापुढे उभं राहायचं, हे माझ्या रक्तातच आहे. न्यूयॉर्कचा एक संघ इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जगज्जेता झाला होता. मी त्याची सगळी वर्षं पाठ केली. हरणाऱ्या संघांवर एक आख्खं प्रकरण होतं, ते परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिलं.

तर, "तुमचा संघ कोणता?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक फोटो होता. विटांच्या लांबलचक भिंतीवर हिरवागार वेल चढलेला. मी आधी त्याचंच कौतुक केलं, "वा, बाग छान आहे. तिकडचं घर का?"

"ते मैदान आहे," ते म्हणाले.

मग मी घाईघाईनं न्यूयॉर्कच्या संघाचं नाव सांगितलं आणि कोणी थांबवायच्या आत जगज्जेतेपदाची वर्षं म्हणायला सुरुवात केली. पाढे म्हणतात तशी. दाराशी ती पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आनंदानं.

माझं म्हणून झालं तेव्हा त्यांनी कप बशीसकट बाजूला सारला.

"अहो," तिचे वडील सावकाश म्हणाले, "जिंकणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायला काय लागतं? बसमध्ये जागा धरायला लागते तेवढीच घाई लागते." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अगं, यांना पोहे दे. लांब जायचंय त्यांना."

परतीच्या बसमध्ये मला जागासुद्धा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन ते सोडलेलं प्रकरण काढलं. पहिल्याच पानावर तोच फोटो, तोच वेल. शिकागोचा तो संघ शतकाच्या सुरुवातीला कधीतरी जिंकला होता, त्यानंतर तोवर एकदाही नाही. मैदानावर दिवेच नव्हते, म्हणून सामने दुपारी व्हायचे आणि लोक कामधंदा सोडून पराभव बघायला जायचे. आसपासची मंडळी घरांच्या गच्चीवर खुर्च्या टाकून बसायची. एकदा एक गृहस्थ आपला बोकड घेऊन सामन्याला गेला. बोकडाला वास येतो म्हणून दोघांनाही बाहेर काढलं, तर त्यानं म्हणे शाप दिला. चंद्रावर माणसं उतरवणारा हा देश आणि हरण्याचं कारण काय, तर बोकड! मला पहिल्यांदाच अमेरिका आपली वाटली.

पण आता उशीर झाला होता. तिचा फोन आला तो शेजारच्या उपसचिवांच्या घरी, म्हणजे सगळ्या जिन्यानं ऐकला.

"पुढच्या रविवारी नोएडाचा एक मुलगा येतोय मला बघायला. बोस्टनला राहून आलाय."

"मग? बोस्टनचं काय?"

"बोस्टनही हरतं. बाबा म्हणाले, मुलगा समजूतदार असणार."

उपसचिवांची बायको भाजी निवडायची थांबली होती.

"ऐक," ती म्हणाली, "या रविवारी मंडळाची पिकनिक आहे आमच्याकडे. फरीदाबाद विरुद्ध सरोजिनी नगर, बेसबॉल. बाबांच्या टीममध्ये एक माणूस कमी आहे. तू ये."

"मी सरोजिनी नगरचा आहे. आणि मला खेळता येत नाही."

"त्यांनाही कुठे येतं? दरवर्षी हरतात. आणि या वेळी मी सांगते ते ऐकायचं. बॉल लागला की बॅट टाकायची आणि पळायचं. एक बेस, दुसरा, तिसरा, मग घरी. गोल. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. आणि खरंच समजलं होतं.

मैदान कारखान्याच्या क्वार्टरांमागे होतं. एका बाजूला विटांची लांब भिंत, आणि तिच्यावर तिच्या वडिलांनी शिकागोच्या आठवणीनं वेल चढवला होता. तिकडचा वेल फरीदाबादच्या उन्हात एका मे महिन्यात जळून गेला, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तिथे तोंडली लावली. (मुलगी तिला कुंदरू म्हणायची. तोंडली हा शब्द ती दिल्लीच्या बाजारांत हरवून बसली होती.) शिकागोला चेंडू वेलीत अडकला की दोन बेस मिळतात. इथे काकूंचा नियम होता. चेंडू वेलीत गेला तर हातानं हळूच शोधायचा, वेल ओढायचा नाही, आणि सापडेपर्यंत खेळणाऱ्यानं पळत राहायचं.

सरोजिनी नगरचा संघ ज्येष्ठतेनुसार बॅटिंगला यायचा. सर्वात वरिष्ठ अवर सचिव पहिले, आणि ते बाद झाले तरी कोणी त्यांना सांगायचं नाही; चहा आला की ते आपणहून जायचे. तरीही ते दरवर्षी जिंकायचे, यावरून फरीदाबादच्या खेळाची कल्पना यावी. स्वयंपाकघरातलं उंच स्टूल मैदानात आणून त्यावर ती शिट्टी घेऊन पंच म्हणून बसली होती. नियमांचं पुस्तक तिच्या मांडीवर. तिचे वडील दिवसभर माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. मला त्यांनी अगदी लांब, कपडे वाळत घातले होते तिथे उभं केलं होतं.

आमची शेवटची पाळी आली तेव्हा आम्ही फक्त एका धावेनं मागे होतो. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं. काकू भज्यांची कढई उतरवून बघायला आल्या. तीन गडी बाद झाले की पाळी संपते; आमचा एक बाद झालेला, पहिल्या बेसवर खुद्द तिचे वडील, आणि बॅट माझ्या हातात. ते घरी आले की बरोबरी, त्यांच्यामागून मी आलो की विजय. ती स्टुलावरून माझ्याकडे बघून ओठांनी म्हणत होती, गोल, गोल.

चेंडू आला. मी डोळे मिटून बॅट फिरवली. आणि तो लागला! असा लागला की सरळ भिंतीवर, तोंडलीच्या ऐन दाटीत. दोन सेक्शन ऑफिसर धावत गेले आणि वेलीपुढे वाकून उभे राहिले.

"वेल ओढायचा नाही!" काकू ओरडल्या.

"नाही वहिनी, बघतोय फक्त."

आता मला फक्त पळायचं होतं. चालत गेलो असतो तरी चाललं असतं. मी पळालो. पहिला बेस आला. आणि इतकी वर्षं गल्लीत, लोदी गार्डनमध्ये, मंत्रालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये जे केलं तेच माझ्या देहानं केलं. मी बॅट टाकलीच नव्हती. ती पुढे करून जमिनीला टेकवली, गर्रकन वळलो आणि ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं परत सुटलो. वळता वळता दिसलं, माझा जोडीदार भलतीकडेच, तिसऱ्या बेसच्या दिशेनं निघालाय. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "काका, दुसरी आहे! दुसरी! या परत!"

आणि काका परत फिरले.

तीन वर्षं शिकागोत काढलेला, क्रिकेटला रजा म्हणणारा, नियमांचं पुस्तक मुलीच्या मांडीवर ठेवणारा तो माणूस माझी हाक ऐकताच जागच्या जागी वळला आणि मान खाली घालून पहिल्या बेसकडे जीव खाऊन पळत सुटला. मी होमवर पोचलो, बॅट टेकवली आणि हात वर केला. दोन धावा! टाळ्यांची वाट पाहिली.

टाळ्या नव्हत्या. सेक्शन ऑफिसरांना चेंडू सापडला होता, सोबत चार तोंडलीही. चेंडू घेऊन अवर सचिव पहिल्या बेसवर आरामात उभे होते. काका धापा टाकत त्यांच्या पोटावरच जाऊन आदळले.

शिट्टी वाजली. "दोघंही आऊट," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "फरीदाबाद हरलं."

सरोजिनी नगर हसून हसून गवतावर लोळलं. मी मात्र तिच्याकडे बघत होतो. ती स्टुलावरून उतरली आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. मीही गेलो. आता उरलंच काय होतं? निदान माफी तरी मागावी.

"काका, माझं चुकलं. मी..."

"तू थांब," ती म्हणाली. "बाबा, हा वेडा आहे, ठीक आहे. पण तुम्ही कशाला मागे फिरलात?"

काका चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"त्यानं हाक मारली ना."

"मग?"

"मग काय? जोडीदारानं हाक मारली की पळायचं असतं. भांडायचं ते पोचल्यावर."

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "मी पंचवीस वर्षं हाका मारतेय, तेव्हा नाही कोणी वळलं ते."

काकांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच. पराभव चांगला पचलेला माणूस जेवणानंतर दिसतो तसे ते दिसत होते.

"नोएडावाल्यांना कळव," ते काकूंना म्हणाले, "रविवारी येऊ नका म्हणावं. रविवारी मला वेळ नाही. याला पळायला शिकवायचंय."

ते शिकवणं पुढे कित्येक रविवार चाललं. मधल्या एका रविवारी लग्न लागलं, तेवढीच सुट्टी. आणि दुसऱ्या वर्षी फरीदाबादच्या संघातून सासरे-जावई एकत्र उतरलो, तेव्हा मी बॅट टाकून, गोल, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पळालो. आम्ही त्याहून मोठ्या फरकानं हरलो.