पाट्यांच्या चाचणीला बसलेले आठ शेजारी

“अजून दोघं चढवा! मागचं दबलंच नाही,” मिस्त्री गाडीखालून ओरडला. शेजारचे नाना आणि नानी चढले. आठ झाले, तेव्हा कुठं गाडीचं मागचं टोक खाली बसलं.

माझ्या जुन्या पिकअपवर लाकडी खोली बसवायची होती. आत दोघांपुरता पलंग आणि एक स्टोव्ह. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सुशीला आणि मी दोघंच असे कुठं गेलो नाही. उद्या खिंडसीच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं, आणि ते गल्लीलाही ठाऊक होतं.

खोली संध्याकाळी येणार होती. सुतार म्हणाला, आठ माणसांचा भार धरा. म्हणून मी गल्लीतली आठ माणसं बोलावली.

मग मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगांना दोन-दोन पाटे वाढवले. सगळ्यांना पुन्हा बसवून चक्कर मारली. गाडी मागे झुकली नाही.

उतरताना नानांनी विचारलं, “सकाळी किती वाजता निघून राहिलो गा आपण?”

“कुठं?”

“खिंडसीले! बसवून पाहिलं ना तुम्ही सगळ्यायले.”

“मी भरीत आणतो,” नानी म्हणाल्या.

मी मान डोलावली. घरात सुशीलानं एवढंच विचारलं, “काहून गप्प बसले तुम्ही?”

हे मी मुद्दाम धरमपेठेतल्या वाचनालयाच्या फळ्यावर लिहितो आहे; आमच्या प्रतापनगरात कळायला नको. मंडळी, आपणच गाडीत बसवलेल्या माणसांना तुम्ही नाही कसं म्हटलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, जाता जाता: खोली सुताराकडेच राहिली. आठही जण मागे बसले आहेत. पुढच्या सीटवर सुशीलानं तिसऱ्याला बसू दिलं नाही.