नाल्याकाठची गुलमेहंदी

भाईजान, टेम्पोत सामान चढलं, दोरीही बांधून झाली, तरी अम्मीचा पत्ता नव्हता. मी ओढ्यावर गेलो. पावसाचे दिवस होते आणि खुलताबादच्या डोंगरातून उतरणारा आपला ओढा दोन्ही काठांनी गुलाबी झाला होता. अम्मी पोटरीएवढ्या पाण्यात उभी राहून फुलं तोडत होती.

"चल, ड्रायव्हर ओरडतोय," मी म्हणालो.

"ओरडू दे. तिकडं ओढा हाय का, ते विचार त्याला."

तुम्ही तेव्हा शारजात होता, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. बोलताना आपली जीभ घरच्या बोलीकडं वळते, पण शाळा मराठी झाली, त्यामुळं मनातलं लिहायला मला हीच भाषा येते.

गुरुजी त्या फुलाला तेरडा म्हणायचे, आपल्या घरात ती गुलमेहंदी. एकच झाड, पण रूपं किती! पाण्यालगत कमरेएवढं, लाल रसरशीत दांड्याचं. खडकाच्या फटीत वीतभर, बारीक पानांचं. सावलीत फूल जवळजवळ पांढरं. आपण दोघं ती वेगवेगळी झाडं समजून भांडायचो आणि अम्मी हसायची. दर पावसाळ्यात ती फुलंपानं वाटून नखांना लावायची, वरून चिंध्या बांधायची. अब्बा गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, या वयात कशाला? तेव्हा ती म्हणाली, "रंग माझ्या नखाला लागतोय, तुमच्या डोळ्याला का लागतोय?"

अब्बांनंतर तिला एकटं ठेवता येत नव्हतं आणि माझी कंपनीतली शिफ्ट चितेगावात. म्हणून इथं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायला आलो. मी, तुमची भावजय रुखसाना आणि अम्मी. खाली उतरलं की गोदामं, ट्रक आणि उग्र वासाचा धूर. अम्मी खिडकीशी बसायची. पहिलं वर्षभर तिनं कुणाशी ओळख केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी ती घरात नव्हती. रुखसाना घाबरून मला फोन करत होती, तेवढ्यात अम्मी जिना चढून आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पदरात फुलं. कंपन्यांच्या मागं नाला आहे, तिथून आणली होती. त्या नाल्याचं पाणी कधी तांबूस असतं, कधी फेसाळ. तिकडं कुणी गुरंसुद्धा नेत नाही.

ड्यूटीवरून आल्यावर मी फूल हातात घेतलं. फिकट, चिमटीएवढं. म्हणालो, ही आपली गुलमेहंदी नव्हे.

"येईच है," ती म्हणाली. "जगा बदली, इसलिए सूरत बदल गई."

"परत तिथं जाऊ नको. त्या पाण्यात काय काय सोडतात."

"मग ही कशी जगली?"

त्या संध्याकाळी तिनं नखं रंगवली, रुखसानाचीही रंगवली. चितेगावात आल्यापासून त्या दोघींना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ती परत परत गेली. मी ड्यूटीवर, रुखसाना स्वयंपाकात, आणि ती दार ओढून घेऊन खाली. शुगरमुळं तिच्या पायांना काही लागलेलं कळायचं नाही. बोटांच्या मधली जखम आम्हाला दिसली, तेव्हा तिला वास सुटला होता. सरकारी दवाखान्यात आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. काच लागली की पाणी बाधलं, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. विष रक्तात गेलं होतं.

वॉर्डात एका सकाळी ती शुद्धीवर होती. तिनं आम्हा दोघांना जवळ बोलावलं. "मला तिकडं नेऊ नका. तुझ्या अब्बाच्या कबरीजवळ जागा हाय, ठाऊक हाय मला. पण तिकडं माझं कोण राह्यलं? इथं तू जुम्म्याला तरी येशील." एवढं बोलायलाही तिला धाप लागली होती.

अम्मीला शेवटची आंघोळ, गुस्ल देऊन रुखसाना बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, नखांचा रंग तसाच आहे.

तुम्ही फोनवर चिडलात. अम्मीला परक्या मातीत का घातलं, म्हणालात. मी "तिनंच सांगितलं" एवढंच म्हणू शकलो. बाकीचं आज लिहितोय.

मी दर जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजनंतर, तिच्या कबरीवर जातो. इथल्या कब्रस्तानात आपलं दुसरं कुणी नाही, आजूबाजूची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. पण रुखसाना परवा कुणाला तरी सांगत होती, "आम्ही चितेगावचे." मी पहिल्यांदाच तिला दुरुस्त केलं नाही.

पुढच्या महिन्यात घरी येतो म्हणालात. विमानतळावरून खुलताबादकडं वळू नका, भाईजान. सरळ पैठण रोड धरा. मी चितेगावच्या फाट्यावर उभा असेन.